शीतसाखळीच्या आधीची साखळी

लसीकरणाच्या दिवशी माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाळाला मांडीवर धरून बसलेली आई, किंवा तिच्या मागे उभी असलेली आजी विचारते, "डॉक्टर, लस थंड ठेवलेली आहे ना?" प्रश्न रास्त असतो. मी बर्फाच्या पेटीतून कुपी काढून दाखवतो, तिच्यावरील उष्णता लागल्यास रंग बदलणारा छोटा चौकोन दाखवतो. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्यात यासाठी जी व्यवस्था उभी केलेली असते, तिला आपण शीतसाखळी म्हणतो. एक कडी तुटली की लस निकामी होते, हे आता बहुतेक सुशिक्षित पालकांनाही ठाऊक असते.

परंतु जगातील पहिली लस निघाली तेव्हा शीतपेटी नव्हती, विजेचे फ्रीज तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरीही ती लस अवघ्या दहा वर्षांत युरोपातून अमेरिका खंडात, फिलिपाइन्समध्ये, चीनच्या किनाऱ्यावर आणि आपल्या मुंबईतही पोहोचली. कशी पोहोचली? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या अभ्यासक्रमात मला कोणी शिकवले नव्हते. पुढे वाचनात ते सापडले, तेव्हा बालरोगतज्ज्ञ म्हणून मी थोडा अस्वस्थ झालो. त्या काळी साखळी होती, पण ती बर्फाची नव्हती. ती लहान मुलांची होती.

युरोपच्या इतिहासातील हे फारसे परिचित नसलेले प्रकरण आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे, असे मनात होते. त्यात शौर्य आहे, युक्ती आहे, आणि आपण डॉक्टरांनी स्वतःला विचारावा असा एक प्रश्नही आहे.

राजवाड्यातही शिरणारा रोग

देवीचा रोग नव्या पिढीने पाहिलेला नाही, हे आपले भाग्य. त्याच्या तीव्र प्रकारात लागण झालेल्या दर दहांपैकी सुमारे तीन रोगी दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत आणि अनेकांची दृष्टी जाई. अठराव्या शतकात एकट्या युरोपात दरवर्षी सुमारे चार लाख माणसे या रोगाने मरत, असा अंदाज सांगितला जातो. राजा आणि रंक हा भेद देवीला ठाऊक नव्हता. स्पेनचा राजा पहिला लुईस १७२४ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी, रशियाचा झार दुसरा पीटर १७३० मध्ये, आणि फ्रान्सचा पंधरावा लुई १७७४ मध्ये याच रोगाने गेला.

यावर एक उपाय आशियात पूर्वापार चालत आलेला होता. सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालायचा, म्हणजे त्याला हलकी देवी येऊन जाई आणि पुढे तो सुरक्षित राही. बंगालमधील टीकादार हेच करीत. तुर्कस्तानातील ही पद्धत ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी पाहिली. त्यांचा भाऊ देवीने गेला होता आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही देवीचे व्रण होते. १७१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे त्यांनी आपल्या मुलाला, आणि १७२१ मध्ये लंडनला परतल्यावर मुलीला, अशी टोचणी करून घेतली.

इंग्लंडच्या राजघराण्यालाही ती हवीशी वाटली. पण राजकन्यांवर प्रयोग कसा करायचा? म्हणून ऑगस्ट १७२१ मध्ये न्यूगेट तुरुंगातील फाशीची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांवर ती करण्यात आली. जगलात तर सुटका, असा करार होता. सहाही जगले आणि सुटले. त्यानंतर लंडनच्या सेंट जेम्स भागातील, धर्मादायावर वाढणाऱ्या काही अनाथ मुलांना टोचण्यात आले. तीही सुखरूप राहिली, तेव्हा कुठे एप्रिल १७२२ मध्ये दोन राजकन्यांना टोचण्यात आले.

आधी कैदी, मग अनाथ मुले आणि शेवटी राजकन्या, हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

माळ्याचा मुलगा आणि त्याच्यामागची मुले

या जुन्या टोचणीत दोन दोष होते. टोचलेल्यांपैकी शंभरात एक-दोन माणसे मरत आणि टोचलेल्या माणसापासून इतरांना खरी देवी लागू शके. त्यावर मात करणारा मार्ग इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली गावचे डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी दाखवला. गाईच्या सडांवर येणाऱ्या फोडांचा संसर्ग ज्यांच्या हातांना झाला, त्या गवळणींना देवी येत नाही, ही गोष्ट त्या भागात लोक बोलत असत. बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच आपल्या पत्नीला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचला होता. जेन्नर यांचे मोठेपण हे की, त्यांनी ती लोकश्रुती तपासली, नोंदवली आणि प्रसिद्ध केली.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन तो आठ वर्षांच्या जेम्स फिप्स याच्या दंडात टोचला. जेम्स हा त्यांच्या माळ्याचा मुलगा. १ जुलै रोजी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. देवी आली नाही. एवढे आपल्या सर्वांना ठाऊक असते. पुढचे सहसा ठाऊक नसते.

गाईला असे फोड नेहमी येत नसत. अनेक महिने एकही बाधित गाय सापडत नसे. मग लस टिकवायची कशी? १७९८ मध्ये जेन्नर यांनी याचे उत्तर शोधले. विल्यम समर्स या साडेपाच वर्षांच्या मुलाला गाईपासून टोचले, त्याच्या दंडावरील फोडातून द्रव घेऊन आठ वर्षांच्या विल्यम पीड याला, त्याच्यापासून सात वर्षांच्या हॅना एक्सेलसह काही जणांना, आणि हॅनापासून आणखी काही मुलांना. त्या मुलांत जेन्नर यांचा अकरा महिन्यांचा मुलगा रॉबर्ट हाही होता. मात्र त्याला ती टोचणी लागली नाही. जेन्नर यांनी स्वतःच्या तान्ह्या मुलालाही त्या ओळीत बसवले, हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. पण त्याच सुमारास त्यांनी जॉन बेकर या पाच वर्षांच्या मुलालाही टोचले होते. तो पुढे गरीबखान्यात तापाच्या साथीत सापडून मरण पावला. टोचणीचा त्याच्या मृत्यूशी संबंध जोडला गेला नाही. परंतु प्रयोगासाठी मूल कोठून मिळे, हे या एका नोंदीवरून कळते.

अशा रीतीने दंडावरून दंडावर लस देण्याची पद्धत रूढ झाली. टोचल्यावर साधारण नवव्या-दहाव्या दिवशी फोडात स्वच्छ द्रव भरतो. तो लगेच पुढच्या मुलाला द्यायचा. पुढचे मूल वेळेवर मिळाले नाही, तर लस संपली. द्रवात भिजवलेले दोरे वाळवून किंवा काचेच्या दोन पट्ट्यांत बंद करूनही लस पाठवली जाई, पण उष्णतेत आणि लांबच्या प्रवासात ती बहुधा मरून जाई.

बावीस मुले आणि एक जहाज

आता स्पेनकडे वळू. स्पेनचे साम्राज्य तेव्हा मेक्सिकोपासून चिलीपर्यंत आणि पलीकडे फिलिपाइन्सपर्यंत पसरले होते. त्या वसाहतींत देवीच्या साथी भयंकर येत. १८०२ मध्ये आजच्या कोलंबियातील बोगोटा शहरात साथ आली आणि माद्रिदकडे मदतीची याचना झाली. राजा चौथा कार्लोस याची तीन वर्षांची कन्या मारिया तेरेसा १७९४ मध्ये देवीनेच गेली होती. त्याने लस पाठवण्याचे ठरवले. पण अटलांटिक महासागर ओलांडायला कित्येक आठवडे लागत. वाळलेली लस तेवढी टिकेल याचा भरवसा नव्हता.

यावर तोड काढली लष्करी शल्यचिकित्सक डॉ. फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस यांनी. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्यांना देवी आलेली नाही आणि लसही दिलेली नाही अशी मुले जहाजावर घ्यायची. दर नऊ-दहा दिवसांनी दोन मुलांना टोचायचे. एकाचा फोड चुकून फुटला तर दुसऱ्याचा असावा, म्हणून दोन. बावीस मुले म्हणजे अकरा जोड्या. अकरा जोड्या म्हणजे सुमारे शंभर-एकशेदहा दिवस. एवढ्यात समुद्र ओलांडता येईल. प्रश्न एवढाच उरला की, आपले मूल असे कोण देईल? उत्तर सोपे होते. ज्यांना आईवडीलच नाहीत, त्यांच्याबाबत विचारायचे कोणाला?

३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनच्या वायव्य टोकावरील ला कोरुन्या बंदरातून 'मारिया पिता' नावाचे जहाज निघाले. त्यावर अनाथालयांतून घेतलेली तीन ते नऊ वर्षांची मुले होती. त्यांची यादी उपलब्ध आहे: विसेंते फेरेर, वय ७, पास्क्वाल आनिसेतो, वय ३, कांदिदो, वय ७, क्लेमेंते, वय ६, आंद्रेस नाया, वय ८, अशी. अनेकांच्या नावापुढे आडनावच नाही, कारण ते कोणाला माहीतच नव्हते. सरकारने प्रत्येकाला काय दिले तेही नोंदलेले आहे: सहा सदरे, दोन जोडी बूट, एक टोपी, विजारी आणि कोट, हातरुमाल, एक फणी, जेवायला एक ताटली आणि एक पेला. तीन वर्षांच्या मुलाच्या नावावरचा तो पेला आणि ती फणी वाचताना, मी मोहिमेचा इतिहास वाचतो आहे हे क्षणभर विसरलो होतो.

या मुलांची काळजी घ्यायला त्यांच्यासोबत एकच स्त्री होती, ला कोरुन्याच्या अनाथालयाच्या व्यवस्थापिका इसाबेल सेन्दाल. आपला नऊ वर्षांचा मुलगा बेनितो याला घेऊन त्या निघाल्या आणि तोही त्या बावीस जणांतलाच एक झाला. मुलांना समुद्र लागे, ती रडत, रात्री झोपेत एकमेकांना बिलगत. कोणी दुसऱ्याचा फोड खाजवू नये, नको त्या वेळी एकाची लस दुसऱ्याला लागू नये, यासाठी अहोरात्र लक्ष ठेवावे लागे. बाल्मिस यांची योजना कागदावर कितीही चोख असली, तरी ती प्रत्यक्षात उतरली ती या बाईंच्या जागरणामुळे, असे मला वाटते. असे असूनही दीर्घकाळ त्यांचे नाव धड कोणी लिहिले नाही. कागदोपत्री ते निरनिराळ्या रूपांत आढळते.

जहाज आधी कॅनरी बेटांवर थांबले, फेब्रुवारी १८०४ मध्ये पोर्तो रिकोला पोहोचले. मार्चमध्ये व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा लस घेता येईल असा फोड फक्त एका मुलाच्या दंडावर शिल्लक होता, असे सांगितले जाते. एका मुलाचा एक दंड, एवढ्यावर खंडभराची लस येऊन ठेपली होती.

तेथून मोहिमेचे दोन भाग झाले. डॉ. होसे साल्वानी दक्षिणेकडे गेले. मागदालेना नदीच्या मुखाजवळ त्यांचे जहाज फुटले, पुढे त्यांचा एक डोळा गेला, तरीही ते बोगोटा, किटो, लिमा असे लस देत गेले आणि १८१० मध्ये आजच्या बोलिव्हियातील कोचाबांबा येथे मरण पावले. बाल्मिस क्यूबामार्गे मेक्सिकोला गेले. हवानात त्यांना पुढच्या प्रवासासाठी मुले मिळेनात, तेव्हा त्यांनी तीन गुलाम मुली विकत घेतल्या आणि लष्करातील एक ढोलकरी मुलगा सोबत घेतला. परोपकाराच्या मोहिमेला गुलामांच्या बाजारात जावे लागले, ही या कहाणीतील सर्वांत कडवट नोंद आहे.

फेब्रुवारी १८०५ मध्ये मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून 'मागायानेस' जहाजावर सव्वीस मेक्सिकन मुले घेऊन बाल्मिस मनिलाकडे निघाले. पैसे भरूनही मुलांना जहाजाच्या तळाशी घाणीत आणि उंदरांत जमिनीवर झोपवले गेले, अशी तक्रार त्यांनी स्वतः केली आहे. दाटीवाटीमुळे झोपेत सात मुलांना एकदमच लस लागली आणि साखळी तुटायचीच बाकी राहिली. एप्रिलमध्ये ती मनिलाला पोहोचली. पुढे बाल्मिस तीन मुलांना घेऊन मकावला व कँटनला गेले आणि सप्टेंबर १८०६ मध्ये माद्रिदला परतले. राजाने त्यांचा सन्मान केला. खुद्द जेन्नर यांनीही या मोहिमेचा मुक्तकंठाने गौरव केला.

आणि ती मुले? मेक्सिकन मुले पुढे आपल्या देशी परतली. स्पेनमधील मुलांना मात्र राजाज्ञेने पालनपोषण, शिक्षण आणि पुढे उपजीविकेचे साधन यांचे वचन दिले होते. त्यांना मेक्सिको शहरातील अनाथालयात ठेवण्यात आले. काही दत्तक गेली. दिलेले वचन पुरतेपणी पाळले गेले नाही. ज्यांच्या दंडावरून लस अटलांटिक ओलांडून गेली, ती मुले पुन्हा स्पेनला परतली नाहीत. इसाबेल सेन्दाल आणि बेनितो यांनीही उरलेले आयुष्य मेक्सिकोतच काढले.

मुंबईची मुलगी

आपल्याकडे लस आली ती या मोहिमेतून नव्हे; ती त्याआधीच, दुसऱ्या वाटेने आली. व्हिएन्ना येथील डॉ. जाँ द कारो यांनी १७९९ मध्ये आपल्या मुलांना लस टोचली होती. तेथून ती कॉन्स्टँटिनोपलला गेली. द कारो यांनी लशीत भिजवलेले धागे काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून, वर मेणाचे थर चढवून ते पूर्वेकडे रवाना केले. १८०२ च्या वसंतात लस बगदादला जिवंत पोहोचली. तेथून बसरा, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई.

मुंबईत अनेक मुलांना टोचून पाहिले. लागली ती एकाच मुलीला. १४ जून १८०२ रोजी टोचलेल्या या तीन वर्षांच्या मुलीचे नाव ॲना डस्टहॉल. तिच्या दंडावरून पाच जणांना, त्यांच्यापासून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असे करीत लस हिंदुस्थानभर गेली. मद्रासहून कलकत्त्याला ती समुद्रमार्गे गेली, तेव्हाही बोटीवर मुलांच्या दंडांवरच जिवंत ठेवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा पेशवे-शिंद्यांच्या फौजांशी पुण्याजवळ भिडल्या आणि वर्षअखेरीस वसईचा तह झाला. ती लढाई आणि तो तह आम्ही शाळेत सनावळीसह पाठ केला. जूनमधील ती टोचणी मात्र आमच्या कोणत्याही धड्यात नव्हती. त्या तहाचे परिणाम मोठे होते हे खरे; पण किती जीव वाचले या मापाने मोजायचे झाले, तर त्या वर्षीची मोठी घटना कोणती, याचा विचार करावा.

साखळीची किंमत आणि तिचा शेवट

दंडावरून दंडावर लस देताना एका मुलाच्या रक्तातील दुसरा रोगही पुढच्याला जाऊ शके. १८६१ मध्ये इटलीतील रिवाल्ता या गावी एका बाळाच्या दंडावरून साठाहून अधिक मुलांना लस देण्यात आली. त्या बाळाला उपदंश होता, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला आणि त्यांच्यापासून काही मातांनाही लागला. अशा घटनांमुळे वासराच्या कातडीवर लस वाढवण्याची, मूळची नेपल्समधील पद्धत हळूहळू सर्वत्र गेली. इंग्लंडने १८९८ च्या कायद्याने दंडावरून दंडावर लस देणे बंद केले.

आपल्या बेळगावात टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला जाणारे आपल्यापैकी पुष्कळ आहेत. ते नाव आपण इतक्या सहज उच्चारतो की, त्याचा अर्थ विसरतो. देवीची लस तयार करण्यासाठी उभी राहिलेली ती संस्था म्हणजे मुलांची जागा वासरांनी घेतल्याची खूण आहे. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास लस गोठवून सुकवण्याचे तंत्र सुधारले आणि उष्ण प्रदेशातही ती टिकू लागली. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीच्या निर्मूलनाची घोषणा केली. माणसाने पूर्णपणे संपवलेला हा माणसाचा पहिला आणि आजपर्यंतचा एकमेव रोग.

आपल्यासाठी प्रश्न

बाल्मिस यांना आजच्या नियमांनी दोषी ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मोहिमेमुळे असंख्य मुले वाचली. आणि ज्यांना टोचले ती मुलेही देवीपासून सुरक्षित झाली. तरीही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. लस टोचणे हे त्या मुलाच्या हिताचे होते. पण लस पुढे नेण्यासाठी त्याला समुद्रापार नेणे आणि तेथेच सोडणे, हे त्याच्या हिताचे नव्हते. ते इतरांच्या हिताचे होते. इतरांच्या हिताचा भार ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्यांच्यावर टाकला जातो, हे १७२१ च्या लंडनमध्ये खरे होते, १८०३ च्या स्पेनमध्ये खरे होते. आणि आपण सावध राहिलो नाही, तर आजही खरे होऊ शकते.

आज नियम आहेत. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा यांनी संशोधनाला नैतिक चौकट दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते. केवळ पालकांची संमती पुरत नाही. पण नियम कागदावर असतो आणि मूल समोर असते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका निराधार मुलांच्या वसतिगृहात मी लसीकरणासाठी गेलो होतो. अधीक्षकांची सही झाली होती, मुले ओळीने उभी होती, आणि मी भराभर टोचत होतो. सहा-सात वर्षांचा एक मुलगा दंड चोळत पुन्हा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, मला काय टोचलं?" मागे अजून तीसेक मुले होती. मी म्हणालो, "औषध आहे, जा खेळ." दवाखान्यात आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला मी असे उत्तर दिले नसते, कारण आईने मला दिले नसते. हे माझ्या लक्षात आले ते बरेच नंतर, त्या बावीस मुलांची यादी वाचताना.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. मूल बोलते झालेले असेल, तर लसीचे नाव, ती कशासाठी, आणि किती दुखेल, हे त्याला सांगूनच टोचतो. शिबिरात तर आवर्जून सांगतो. त्यात प्रत्येकी फार तर अर्धा मिनिट जातो. आपल्या संघाच्या लसीकरण शिबिरांतून, विशेषतः अनाथालये, आश्रमशाळा आणि बांधकाम मजुरांच्या वस्त्यांत काम करताना, तरुण सहकाऱ्यांनीही हा अर्धा मिनिट द्यावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी एका शब्दाविषयी. इंग्रजीतील व्हॅक्सिन हा शब्द गाईसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. म्हणजे इंग्रजीने गाईची आठवण जपली. मराठीत आपण लस म्हणतो. लस म्हणजे मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. मुलाच्या दंडावरील फोडातून काढून पुढच्या मुलाला देत, ती हीच. आता पोलिओची असो, गोवराची असो वा करोनाची, कारखान्यात बनलेल्या बाटलीलाही आपण तोच शब्द वापरतो. आपल्या भाषेने नकळत त्या मुलांची आठवण जपली आहे. बाळाला लस टोचताना आपणही ती जपावी, एवढेच या लेखाचे मागणे.